रोजगार हमीचा पैसा कोठून येतो?

भुसावळजवळील दीपनगर येथें औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथील नोकराच्या वेतनपत्रकांत व्यवसायकराची एक लहानशी रक्कम दरमहा वजा झालेली दिसते. पूर्ण दरानें ती महिन्यास २०० व फेब्रुवारींत ३००, म्हणजे वर्षाकाठीं २,५०० रुपये होते. हा कर महाराष्ट्रांत कोणत्या हेतूनें बसविला गेला, याची आठवण मात्र थोड्यांनाच असते.

शेजारच्या धुळें जिल्ह्यांत कोरडवाहू शेतावर पाऊस चुकला कीं पीक तर जातेंच, पण शेतमजुराची मजुरीहि बुडते. मग कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजरातची वाट धरतात. अशा माणसास दान न देतां त्याच्या गांवाजवळ काम द्यावें, ही कल्पना वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील विसापूर येथें आचरणांत आणून पाहिली. १९७२-७३ च्या दुष्काळांत तिची खरी कसोटी लागली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास दिवसास निदान एक रुपया भत्ता देण्याचें बंधन सरकारनें स्वतःवर घालून घेतलें.

परंतु नुसत्या वचनानें पैसा उभा राहत नाहीं. दुष्काळांत कामाची मागणी वाढते आणि नेमका त्याच वेळीं सरकारचा वसूल घटतो. म्हणून १९७५ पासून व्यवसायकर व आणखी कांहीं कर या योजनेसाठीं बसविण्यांत आले. त्यांच्या निव्वळ उत्पन्नाइतकीच भर सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावी आणि दोहोंचा स्वतंत्र निधि असावा, असें ठरलें. नगरांतील नियमित पगारानें रानांतील अनिश्चित मजुरीस आधार द्यावा, हें त्यांतील तत्त्व.

अमेरिकेंत बेकारास कामाऐवजीं रोख भत्ता मिळतो, व तो मालकांच्या करांतून भरलेल्या राज्यनिधींतून येतो. असा कर बसविणाऱ्या राज्यांतून कारखाने शेजारच्या राज्यांत निघून जातील, ही भीति १९३५ च्या कायद्यानें दूर केली. केंद्राचा कर प्रत्येक कामगाराच्या वर्षांतील पहिल्या ७,००० डॉलर वेतनावर शेंकडा ६ आहे. राज्याचा कर वेळेवर भरणाऱ्या मालकास त्यांतून शेंकडा ५.४ पर्यंत सूट मिळते. राज्याचा निधि आटला तर केंद्र कर्ज देतें; पण तें सुमारें दोन वर्षें थकलें, कीं ही सूट दरसाल शेंकडा ०.३ नें कमी होऊं लागते. राज्याची उधारी अखेर तेथील मालकांच्या माथीं येते.

भारतांत २००५ च्या केंद्रीय कायद्यानें अकुशल मजुरीचा भार केंद्रानें उचलला. काम न दिल्यास द्यावयाचा भत्ता मात्र राज्यावर ठेवला. काम देण्यांत राज्याचा लाभ व नाकारण्यांत तोटा, अशी ती रचना होती. डिसेंबर २०२५ मध्यें संमत झालेल्या नव्या कायद्यांत वर्षास १२५ दिवस कामाचें आश्वासन आहे. परंतु महाराष्ट्रासारख्या राज्यांनीं खर्चाचा शेंकडा ४० वांटा उचलावा, अशीहि तरतूद आहे.

त्यामुळें १९७५ चाच प्रश्न पुन्हां उभा राहतो: पाऊस चुकलेल्या वर्षीं राज्याचा वांटा कोठून येणार? दीपनगरच्या वेतनपत्रकांतील त्या लहानशा आंकड्यांत त्याचें एक उत्तर पूर्वींच लिहिलेलें आहे. चांगल्या वर्षांत सांठविलेला निधिच वाईट वर्षांतील हमी खरी करतो.