रानमोडी ओळखायची कशी?

दिवाळी सरली की कोकणात आणि घाटात रस्त्याकडेला, रानाच्या कडेने, पडीक वरकस जमिनीवर पांढऱ्या-फिकट जांभळ्या फुलांचे ताटवे दिसू लागतात. ते सुंदर दिसतात, पण बहुतेकदा ती रानमोडी असते. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे.

खात्री करायची तर पान पाहा. पाने समोरासमोर, कडा दातेरी. देठाजवळून तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या फुटतात. पान चुरगळले की उग्र वास येतो. फुलांचे गुच्छ फांद्यांच्या टोकांना असतात; प्रत्येक गुच्छात बारीक, लांबट नळकांडीसारखी स्तबके, त्यांतून बाहेर डोकावणारे तंतू. सुट्या पाकळ्या नसतात. ओसाडी या दुसऱ्या तणाशी गल्लत होते खरी, पण ती साधारण गुडघाभर वाढते. रानमोडी माणसाच्या उंचीची होते, आधार मिळाला तर झाडावरही चढते.

फुले वाळली की केसाळ बी वाऱ्यावर दूर जाते, आणि वाळलेली झुडपे वणव्याला इंधन पुरवतात. नुसती कापू नका, बुंध्यातून ती पुन्हा फुटते. पावसाळ्यात माती मऊ असताना, फुलण्याआधीच, मुळासकट उपटावी.