बाग ‘जिवंत झाली’ हे मोजायचं कसं?

पीएचडीसाठी विषय शोधताना आपली नजर फार लांब जाते. पण एक चांगला विषय बहुतेक तुमच्या कॉलनीतच पडून आहे. त्याला लोक ‘ओपन स्पेस’ म्हणतात. महाराष्ट्रात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआउट मंजूर करताना साधारण १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. त्यामुळे नगरमध्ये (आता अहिल्यानगर) सावेडीला जा की केडगावला, असा एखादा तुकडा सापडतोच. नकाशावर तो हिरवा असतो. प्रत्यक्षात मात्र अनेकदा तिथे गाजरगवत, वेडी बाभूळ आणि कुणीतरी टाकलेला राडारोडा असतो.

मग एखाद्या रविवारी दहा-बारा जण फावडी-घमेली घेऊन उतरतात. गवत निघतं, झाडं लागतात, दोन बाक येतात, फोटो निघतात. सगळे म्हणतात, बाग जिवंत झाली. इथेच संशोधक म्हणून तुम्ही थांबायचं आणि विचारायचं: जिवंत झाली म्हणजे नेमकं काय झालं?

साफसफाई ही घटना आहे, वापर ही सवय आहे

किती झाडं लावली, किती ट्रॉली कचरा उचलला, हे मोजणं सोपं असतं. म्हणून आपण तेच मोजतो. पण हे आकडे स्वयंसेवकांच्या कष्टाबद्दल सांगतात, जागेबद्दल नाही. जागा जिवंत असणं म्हणजे कुणी न बोलावता लोकांनी तिथे पुन्हा पुन्हा येणं.

हा फरक विल्यम व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाने फार छान दाखवला. न्यूयॉर्कने १९६१ मध्ये बिल्डरांना सवलत दिली: इमारतीसमोर मोकळा चौक ठेवा, जास्त बांधकाम करू देऊ. चौक झाले, पण त्यातले बरेचसे ओस पडले. व्हाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात, कुठून येतात, किती वेळ थांबतात याची नोंद केली. निष्कर्ष साधा होता: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात, आणि जिथे लोक असतात तिथे आणखी लोक येतात. त्याने एक बारीक खूणही टिपली. जिथे बायकांचं प्रमाण चांगलं असतं, ती जागा सहसा नीट चाललेली असते, कारण कुठे बसायचं हे त्या जास्त चोखंदळपणे ठरवतात. आपल्या बागेत संध्याकाळी सात वाजता किती बायका बसलेल्या असतात, हे एकदा मोजून बघा.

मोजायची पद्धत

यासाठी ‘सोपार्क’ नावाची एक निरीक्षण-पद्धत उपलब्ध आहे. बागेचे छोटे भाग पाडायचे. दिवसातून चार ठरलेल्या वेळी, आठवडाभर, प्रत्येक भागावरून डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि त्या क्षणी कोण आहे ते लिहायचं: स्त्री की पुरुष, लहान, तरुण की वयस्क, बसलेलं, चालणारं की धावणारं. नाव विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही. कागद, पेन आणि घड्याळ एवढंच लागतं.

फक्त तीन गोष्टी पाळा. पहिली, काम सुरू होण्याआधीची नोंद हवी. ती नसेल तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करणार? दुसरी, त्याच भागातली न सुधारलेली एक ओपन स्पेस तुलनेला घ्या, नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत वाढलेली गर्दी तुम्ही स्वयंसेवकांच्या खात्यात टाकाल. तिसरी, उद्घाटनानंतरच्या महिन्यात थांबू नका. दुसऱ्या उन्हाळ्यात परत जा. पाणी कोण घालतंय, हे तेव्हा कळतं.

दुसऱ्या उन्हाळ्याचा प्रश्न

टिकणं का जमतं किंवा जमत नाही, यासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉमकडे जावं लागतं. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये मांडलं होतं की सगळ्यांची मालमत्ता शेवटी उजाड होते. ऑस्ट्रॉमने जगभरची कुरणं, कालवे, मासेमारीची ठिकाणं अभ्यासून १९९० मध्ये दाखवलं की तसं होईलच असं नाही. जिथे हद्द स्पष्ट असते, नियम वापरणाऱ्यांनीच ठरवलेले असतात, लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच असतो आणि शिक्षा पायरीपायरीने वाढते, तिथे सामाईक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. या कामासाठी २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून परतले, तेव्हा यादवबाबांचं देऊळ मोडकळीला आलं होतं. त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून दुरुस्ती सुरू केली, हळूहळू गावकरी हात लावू लागले. देऊळ उभं राहिलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावाला बसून बोलायला जागा मिळाली. दारूबंदीचा निर्णय तिथेच झाला. पुढे श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर असाच रस्ता धरला, आणि शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा नियमही केला. तिथे पावसानुसार पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला जातो आणि त्यावरून पिकं ठरतात. ऑस्ट्रॉमच्या भाषेत हीच देखरेख: हिशोब सगळ्यांना दिसतो.

पण ‘देऊळ बांधलं म्हणून गाव सुधारलं’ असं लगेच लिहू नका. त्याच काळात पाणलोटाची कामं झाली, सरकारी योजना आल्या, खंबीर नेतृत्वही होतं. यातल्या कशाचा वाटा किती, हे एका गावावरून वेगळं काढता येत नाही. शिवाय ज्या गावांनी देऊळ बांधलं आणि पुढे काहीच घडलं नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. फक्त यशस्वी उदाहरणं बघून नियम काढणं ही आपल्या क्षेत्रातली सगळ्यात मोठी फसगत आहे.

नियम कोणाचा, कोणावर?

आणखी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. राळेगणमध्ये दारू पिणाऱ्याला आधी समज, मग देवळात शपथ, आणि तरीही ऐकलं नाही तर खांबाला बांधून मार, असं झाल्याचं जाहीरपणे सांगितलं गेलेलं आहे. पायऱ्या आहेत, पण शेवटची पायरी मारहाणीची आहे. चराईबंदीने डोंगर हिरवा होतो, आणि ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त चार शेळ्या आहेत, त्याला चारा कुठला, हा प्रश्नही उभा राहतो.

बागेतही हेच असतं. ती ‘पडीक’ होती तेव्हा तिथे कोण यायचं? क्रिकेट खेळणारी पोरं, शेळ्या सोडणारी आजी, दुपारी सावलीत टेकणारा हातगाडीवाला. कुंपण झालं, कुलूप लागलं, ‘खेळण्यास मनाई’चा फलक आला. तुमच्या नोंदीत माणसांची संख्या वाढलेली दिसेल, पण ही तिघं त्यात नसतील. म्हणून तक्त्यात ‘कोण येतं’ याच्या शेजारी ‘कोण यायचं बंद झालं’ हा रकाना ठेवा. हे निरीक्षणातून कळत नाही. त्यासाठी त्या माणसांना शोधून त्यांच्याशी बोलावं लागतं.

स्वयंसेवकांनाही हा रकाना आवडायला वेळ लागेल. त्यांचे कष्ट खरे असतात, आणि तुम्ही त्यात खुसपट काढताय असं त्यांना वाटू शकतं. त्यामुळे मोजणी सुरू करण्याआधीच त्यांना तक्ता दाखवा, शक्य असेल तर त्यांच्याच हातात द्या. हातगाडीवाल्यासाठी एक बाक बाहेरच्या बाजूला टाकायचा निर्णय तुमच्या प्रबंधात होणार नाही, त्यांच्या रविवारच्या बैठकीत होईल.