छापा, काटा आणि दहावीचा पेपर

दहावीच्या वर्गात गणिताचे सर ज्या प्रकरणाबद्दल हमखास सांगतात की 'हे कुणी सोडायचं नाही, मार्क हातचे आहेत', ते प्रकरण म्हणजे संभाव्यता. बालभारतीच्या गणित भाग 1 मध्ये अर्थनियोजनाच्या पाठोपाठ पाचवं प्रकरण संभाव्यतेचं आणि सहावं, म्हणजे शेवटचं, सांख्यिकीचं. नमुना अवकाश लिहायचा, त्यातले घटक मोजायचे, घटना लिहायची, तिचे घटक मोजायचे आणि भागाकार करायचा. पायरीला मार्क असतात, त्यामुळे बीजगणितात कच्चा असलेला मुलगाही इथे तरून जातो. हे वाईट नाही. पण त्या मुलाला 'शंभर वेळा नाणं उडवलं तर बरोबर पन्नास छापे पडतील का?' असं विचारलं, तर तो बहुधा 'हो' म्हणतो, कारण उत्तर एक द्वितीयांश आहे हे त्यानं लिहिलेलं असतं.

पत्त्यांची गंमत तर वेगळीच. ज्या घरात पत्ते हातात घेतले की 'अभ्यास संपला वाटतं?' असा आवाज येतो, त्याच घरातल्या मुलीला पेपरात पिसलेल्या 52 पत्त्यांच्या कॅटमधून चौकटचा राजा काढायचा असतो. तिनं कॅट कधी पिसलेला नसतो. इस्पिक-किलवर काळे, बदाम-चौकट लाल, चित्रांचे पत्ते बारा, हे ती पाठ करून टाकते. म्हणजे अनिश्चिततेचा धडा तिनं पूर्ण निश्चित माहितीवर सोडवलेला असतो आणि प्रयोग एकदाही झालेला नसतो.

या लेखात आपल्या शाळेतल्या या दोन प्रकरणांचा आढावा घ्यायचा आहे. माझं मत आधीच सांगतो: आकडा हातात आल्यावर त्याचं काय करायचं एवढंच आपली शाळा शिकवते. तो आला कुठून आणि पुन्हा मोजला तर किती हलेल, हे प्रश्न तिच्या वेळापत्रकात नाहीत.

सांख्यिकी पाहा. प्राथमिक वर्गांत चित्रालेख, मग स्तंभालेख, नववीत वारंवारता सारणी आणि मध्य, मध्यक, बहुलक. दहावीत वर्गीकृत सामग्रीचा मध्य काढण्याच्या तीन रीती येतात: सरळ पद्धत, गृहीतमध्य पद्धत, मध्यप्रमाण विचलन पद्धत. यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या रीती मोठे गुणाकार हातानं करावे लागत त्या काळाची सोय होत्या. खिशात कॅलक्युलेटर असण्याच्या काळात त्यांच्यावर इतक्या तासिका का घालवायच्या, हे मला कळलेलं नाही. आकडे सरासरीच्या भोवती किती पसरलेत हे सांगणारं प्रमाण विचलन मात्र अकरावीशिवाय भेटत नाही. दहावीनंतर ज्याचं गणित सुटलं, त्याचं प्रमाण विचलनही कायमचं सुटलं.

पसरण नसलेली सरासरी किती फसवी असते याचं उदाहरण मुंबईच्या मुलांच्या घरचंच आहे. 26 जुलै 2005 या दिवसाची नोंद सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिलिमीटर आहे आणि त्याच शहरातल्या कुलाब्यात साधारण 73. दोन्हींची सरासरी येते 508 च्या आसपास, आणि तेवढा पाऊस दोहोंपैकी कुठेच पडलेला नव्हता. वर्गात हे दोन आकडे फळ्यावर लिहून 'मुंबईत त्या दिवशी किती पाऊस पडला?' असं विचारावं आणि मुलांना भांडू द्यावं. गृहीतमध्याच्या चार उदाहरणांपेक्षा एवढ्यात जास्त शिकून होतं.

आता प्रयोग कसा असावा ते जरा जवळून पाहू. यासाठी फाशांचीही गरज नाही, चिंचोके पुरतात. चिंचोका फोडला की दोन फाका होतात: आतली बाजू पांढरी आणि सपाट, बाहेरची काळपट तपकिरी आणि फुगीर. अशा चार फाका टाकून अष्टचंग हा सोंगट्यांचा खेळ खेळतात. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायला मिळतं. नावं आणि नियम गावोगाव थोडे बदलतात.

एक फाक पांढरी पडण्याची संभाव्यता किती? पुस्तकी सवयीनं वर्ग म्हणतो, एक द्वितीयांश. पण फाक दोन्ही बाजूंनी सारखी कुठे आहे? एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. निष्पत्ती समसंभाव्य आहेत हे धड्यातलं गृहीतक इथे लागू पडतंच असं नाही, आणि ते न टाकता कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून वर्गाचे दहा गट करावेत आणि प्रत्येकानं एक फाक पन्नास वेळा टाकून नोंद करावी. गटागटांचे आकडे वेगवेगळे येतात आणि लगेच 'तुमचं चुकलं'चा गलका होतो. सरांनी इथे घाई करू नये. कुणाचंच चुकलेलं नाही, आकडा असाच हलतो, हा तर धडा आहे. नंतर दहा गटांच्या पाचशे नोंदी एकत्र करून गुणोत्तराचा आलेख भिंतीवर लावला की सुरुवातीला उड्या मारणारी रेघ हळूहळू स्थिरावताना दिसते. दोन्ही बाजू जवळपास सारख्या पडतात असं दिसलं, तर चार फाकांचा हिशेब करावा: सोळा शक्यतांत दोन पांढऱ्या-दोन काळ्या सहा प्रकारे येतात, चारही पांढऱ्या एकाच प्रकारे आणि चारही काळ्याही एकाच प्रकारे. पुन्हा टाकण्याचं बक्षीस नेमक्या दुर्मीळ दानांना का आहे, ते मुलं स्वतः सांगतात.

नाण्याचा असा प्रयोग जॉन केरिच या दक्षिण आफ्रिकेतल्या गणितज्ञानं केला. दुसऱ्या महायुद्धात तो डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होता आणि वेळच वेळ होता. त्यानं 10,000 वेळा नाणं उडवलं आणि छापे आले 5,067. पुस्तकांत एवढाच आकडा येतो, पण खरी मजा मधल्या नोंदींत आहे. पहिल्या 100 मध्ये 44 छापे, पहिल्या 1,000 मध्ये 502. निम्म्यापासूनचं अंतर आधी सहा, मग दोन आणि शेवटी सदुसष्ट. टक्केवारी मात्र 44 वरून 50.2 आणि 50.67 अशी निम्म्याच्या जवळपास येऊन राहिली. म्हणजे छापे आणि काटे शेवटी 'फिटंफाट' होतात ही समजूत खोटी. नाणं उधारी फेडत नाही, फक्त एकूण टाकांच्या मानानं फरक क्षुल्लक होत जातो. 'लागोपाठ पाच काटे पडलेत, आता छापाच' म्हणून पैसे लावणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी शाळेतच सांगायला हवं होतं.

एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात संभाव्यतेचं एक प्रकरण असंच प्रयोगावर उभं होतं. करोनानंतर अभ्यासाचा भार हलका करताना, 2022 मध्ये, तेच वगळलं गेलं. सूत्राचा भाग दहावीत राहिला. कात्री चुकीच्या ठिकाणी लागली असं माझं स्पष्ट मत आहे.

या विषयात आपली अंतःप्रेरणा दगा देते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दोन वेळा नाणं उडवून किमान एक छापा मिळण्याची संभाव्यता फ्रेंच गणितज्ञ दालांबेरनं 1754 मध्ये चक्क विश्वकोशात दोन तृतीयांश लिहिली. पहिल्याच वेळी छापा पडला तर खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच, असा त्याचा हिशेब होता. त्या तीन शक्यता सारख्या वजनाच्या नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं नाही. बरोबर उत्तर तीन चतुर्थांश. दहावीतली मुलं दरवर्षी हीच चूक करतात आणि आपण ती लाल पेननं खोडून पुढे जातो.

वर्गात करण्यासारखी आणखी एक युक्ती संख्याशास्त्राच्या शिक्षकांत प्रसिद्ध आहे. अर्ध्या मुलांनी खरोखर शंभर वेळा नाणं उडवून निकाल लिहायचे, उरलेल्यांनी नाण्याला हात न लावता मनानं शंभर निकाल लिहायचे. शिक्षक बाहेरून येतात आणि खोट्या वह्या ओळखतात. खऱ्या शंभर टाकांत लागोपाठ पाच किंवा जास्त सारखे निकाल कुठेतरी येण्याची शक्यता सुमारे 97 टक्के असते. मनानं लिहिणारा तीन छाप्यांनंतर घाबरून काटा लिहितो.

आता आपल्या परंपरेकडे. नलाच्या आख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नजरेनं सांगतो आणि नलाला अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, देतो, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्म्यांची. पिकाचं उत्पन्न अंदाजानं न सांगता, यादृच्छिक पद्धतीनं निवडलेल्या शेतातला तुकडा कापून तोलायचा, या पद्धतीची घडी भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी बसवली. त्याच काळात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी लहान गोल तुकडे कापण्याच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी दाखवलं की लहान तुकड्यात उत्पन्न फुगून दिसतं. कारण साधं आहे. हद्दीवरचं रोप आत धरायचं की बाहेर, या प्रश्नात माणसाचा हात रोप आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका क्षेत्रफळाच्या मानानं परीघ मोठा. शाळेच्या मैदानावर दोरी टाकून गवताची ठोंबं मोजली तर नववीचा वर्ग हा वाद स्वतः लढवू शकतो, क्षेत्रफळाची उजळणी फुकट.

हा वाद जुना झालेला नाही. पीकविमा जेव्हा अशाच पीक कापणी प्रयोगावर ठरतो, तेव्हा हिशेब महसूल मंडळाच्या सरासरीचा असतो. माझं रान बुडालं पण मंडळाची सरासरी आधी ठरलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या वर राहिली, तर हातात काही येत नाही. नमुना कसा निवडला, किती तुकडे कापले, सरासरी कुणाची, हे शेतकऱ्याच्या मुलानं विचारायचे प्रश्न आहेत, आणि ते सोडवण्याची हत्यारं त्याच्याच दप्तरातल्या सहाव्या प्रकरणात, बोथट करून का होईना, ठेवलेली आहेत.

मोजून शोध घेण्याचं आणखी एक उदाहरण पुण्यातलं: गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबींनी प्राचीन आहत नाणी तोलून दाखवलं की वापरात झिजत जाताना नाण्यांचं सरासरी वजन घटतं आणि वजनांतली पसरणही वाढते. त्यावरून नाणी किती काळ हातोहात फिरली याचा अंदाज बांधता येतो. (कोसंबी वारले 29 जून 1966 ला. महालनोबिसांचा जन्मही 29 जूनचा, म्हणून तो दिवस देशात सांख्यिकी दिन. योगायोग किती सहज जुळतात हेही याच विषयात शिकायचं असतं.)

आणि दहावीच्या वर्गासाठी महाराष्ट्रात घडलेला सगळ्यात उत्तम धडा म्हणजे 2008 ची फलज्योतिषाची चाचणी. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या: कोणती कुणाची ते सांगा. अठ्ठावीस बरोबर आल्या तर यश, ही अट आधी ठरलेली. उत्तरं आली सत्तावीस जणांची. सर्वाधिक गुण 24, सरासरी 46 टक्के. आता वर्गाला विचारा, अठ्ठावीसच का? नुसतं नाणं उडवून चाळीसपैकी अठ्ठावीस किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. आणि चोवीस? एका माणसाला तेवढे किंवा जास्त मिळण्याची शक्यता सुमारे तेरा टक्के. सत्तावीस जणांनी नाणी उडवली तरी त्यांच्यातल्या एकाला तरी चोवीस किंवा जास्त मिळणं जवळपास ठरलेलं. 'बघा, एकाला तरी जमलं' या युक्तिवादाला दहावीचं गणित पुरून उरतं. निकालाइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे अट आधी जाहीर करणं.

देशाबाहेर काय चाललंय ते थोडक्यात. न्यूझीलंडच्या 2007 च्या अभ्यासक्रमात विषयाचं नावच 'गणित आणि संख्याशास्त्र' आहे, आणि मुलं प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्षापर्यंतचं चक्र पूर्ण करतात. ब्रिटनमध्ये 2000 साली सुरू झालेल्या शालेय जनगणनेत मुलं स्वतःचीच माहिती भरत आणि तीच वर्गात वापरत. अमेरिकन सांख्यिकी संघटनेनं 2007 मध्ये शाळांसाठी मार्गदर्शिका काढली आणि 2020 मध्ये सुधारली. तिचा गाभा एकच आहे: आकड्यांमधली चलबिचल शिकवा. यातलं काहीही आपल्याकडे अशक्य नाही.

अडचण शिक्षकांची आहे हे मान्य. बहुतेक जण हा विषय स्वतः सूत्रानंच शिकलेले, वर्गात साठ मुलं, आणि पेपरात न येणाऱ्या गोष्टीला तास द्यायचा तर मुख्याध्यापक विचारतात. म्हणून सुरुवात पेपरातूनच व्हायला हवी. बोर्डानं चाळीस मार्कांच्या पेपरात एक प्रश्न असा द्यावा ज्यात आकडेमोड नाही: एक बातमी, एक आलेख, आणि 'यावरून काय म्हणता येणार नाही ते दोन वाक्यांत लिहा'. गणिताच्या अंतर्गत मूल्यमापनाचे वीस मार्क शाळेच्याच हातात आहेत. त्यातले निदान पाच यंदा मुलांनी स्वतः मोजून आणलेल्या माहितीला द्यावेत, मग ते एसटी किती उशिरा येते त्याच्या नोंदी असोत, शाळेतल्या पर्जन्यमापकातलं पाणी असो किंवा चिंचोक्याच्या फाका. त्यासाठी नवं पुस्तक, निधी किंवा परिपत्रक लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल, तेव्हा सहावं प्रकरण बहुतेक ठिकाणी अजून शिकवायचं राहिलेलं असेल. शिक्षकांनी ते या वेळी मोजण्यापासून सुरू करावं.