विघटनशील म्हणविणारे प्लॅस्टिक मातीत मिसळते काय?

बेळगावच्या पूर्वेस, विमानतळामुळे परिचित असलेल्या सांबरा गावच्या परिसरात, तसेच निपाणी भागात पावसाळ्यापूर्वी उकिरड्यातील खत शिवारात नेऊन पसरण्याची जुनी रीत आहे. पूर्वी या खतात शेण, राख, काडीकचरा आणि पालापाचोळा एवढेच असे. आता त्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्याही रानात जातात. त्यांपैकी काहींवर 'विघटनशील' असा शब्द छापलेला असतो. त्यामुळे ही पिशवी मातीत आपोआप कुजेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. हा समज कितपत खरा आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

कुजणे आणि तुटणे

पळसाची पत्रावळ जमिनीत पडली की मातीतील सूक्ष्मजीव तिचे अन्न करतात. तिच्यातील कर्बाचा काही भाग कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपाने हवेत जातो, तर काही भाग सूक्ष्मजीवांच्या शरीरात व पुढे जमिनीच्या ह्यूमसमध्ये सामावतो. यास कुजणे म्हणावयाचे. पॉलिथीन हे कर्ब व हायड्रोजन यांच्या अतिशय लांब साखळ्यांचे बनलेले असते. या साखळ्या तोडण्यास सूक्ष्मजीवांजवळील विकर बहुतांशी असमर्थ ठरतात. म्हणून साधी पिशवी वर्षानुवर्षे मातीत तशीच राहते.

मिश्रद्रव्यांचे कार्य

या अडचणीवर उपाय म्हणून पॉलिथीनमध्ये अल्प प्रमाणात काही द्रव्ये मिसळली जातात. पहिल्या प्रकारात लोह, मँगनीज, कोबाल्ट यांसारख्या धातूंचे क्षार असतात. ऊन, उष्णता आणि प्राणवायू यांच्या योगे ते साखळ्या तोडण्याची क्रिया वाढवितात. पिशवी ठिसूळ होते व तिचे तुकडे पडतात. तथापि मातीखाली सूर्यप्रकाश नसतो, तापमान कमी असते व हवाही मर्यादित असते. त्यामुळे तेथे ही क्रिया मंदावते. शिवाय तुकडे झाले म्हणजे कुजणे झाले असे नव्हे. डोळ्यांना न दिसणारा कण हाही प्लॅस्टिकच असतो.

दुसऱ्या प्रकारात सूक्ष्मजीवांना आकर्षित करणारी सेंद्रिय द्रव्ये मिसळतात. सूक्ष्मजीव ती द्रव्ये खातात. मूळ पॉलिथीन मात्र शिल्लक राहू शकते.

प्रयोग काय सांगतात?

अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी पाच मिश्रद्रव्ये तपासली. खतात, प्राणवायूविरहित स्थितीत आणि तीन वर्षे मातीत पुरून पाहिले असता, मिश्रद्रव्य असलेल्या व नसलेल्या प्लॅस्टिकच्या जैविक विघटनात लक्षणीय फरक आढळला नाही. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात, 'जैवविघटनशील' म्हणून विकली जाणारी पिशवी तीन वर्षे मातीत राहूनही सामान वाहून नेण्याजोगी होती. युरोपीय संघाने पहिल्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या वस्तू बाजारात आणण्यावर जुलै २०२१ पासून बंदी घातली.

खत होण्याजोगे प्लॅस्टिक

याहून निराळा वर्ग म्हणजे खत होण्याजोगे, अर्थात कंपोस्टेबल प्लॅस्टिक. आय.एस./आय.एस.ओ. १७०८८ या मानकानुसार सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानात १८० दिवसांच्या आत त्यातील ९० टक्के कर्बाचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. अशा वस्तूंना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. इतकी उष्णता दीर्घकाळ टिकणे हे खत कारखान्यात साधते. घरच्या उकिरड्यात वा शेताच्या मातीत तशी खात्री देता येत नाही.

कायदा व कर्तव्य

कर्नाटक शासनाने मार्च २०१६ मध्ये आणि महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली. म्हणून बाजारहाटासाठी सीमेच्या अलीकडे-पलीकडे जाणाऱ्यांना दोन्हीकडे कापडी पिशवीच सोयीची. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, सूक्ष्म प्लॅस्टिक कण मागे न ठेवणाऱ्या प्लॅस्टिकलाच जैवविघटनशील म्हणता येते.

शेतकरी बंधूंनी उकिरड्यातील खत रानात नेण्यापूर्वी त्यातील प्लॅस्टिक वेचून काढावे. भाजीपाल्याच्या वाफ्यांवरील मल्चिंग पेपर पीक निघताच गोळा करावा. तो नांगराखाली गाडू नये वा बांधावर जाळू नये. ग्रामपंचायतींनी असा कचरा वेगळा साठविण्याची व्यवस्था करावी.

शिक्षकांना शाळेच्या आवारात एक सोपा प्रयोग करता येईल. केळीचे पान, सुती कापड, वर्तमानपत्राचा कागद आणि 'विघटनशील' पिशवी यांचे सारख्या आकाराचे तुकडे एकाच खोलीवर पुरावेत, जागेवर खुणा कराव्यात व सहा महिन्यांनी उकरून पाहावे. पिशवीवर काय छापले आहे आणि माती काय सांगते, यांतील अंतर विद्यार्थ्यांस तेथे प्रत्यक्ष दिसेल.