उलव्याची टेकडी कुठे गेली? उपग्रहाला विचारा

नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. उपग्रहचित्रांत हे टप्प्याटप्प्याने दिसते. कसे? झाडी जवळचे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करते, काँक्रीट तितके करत नाही. दोन तारखांच्या चित्रांतला हा फरक संगणक मोजतो. लँडसॅटची चित्रे १९७२पासूनची, २००८पासून मोफत. सेंटिनेल-२चा एक ठिपका १० मीटरचा. खाडीतला मोठा भराव कोणत्या महिन्यात पडला ते कळते, गल्लीतली वाढीव खोली नाही. पावसाळ्यात तर ढगच आडवे येतात. आणखी एक गोम : उन्हाळ्यातले नांगरलेले शेतही बांधकामासारखे भासते. म्हणून जानेवारीची तुलना जानेवारीशीच करायची. शंका उरलीच, तर जागेवर जाऊन पाहायचे.