साखरेऐवजी मध : कोणता, कुठे आणि किती?

डिसेंबर लागला की उत्तन, पाली, चौक, डोंगरी या किनारपट्टीवरील गावांत नाताळच्या फराळाची तयारी सुरू होते. कुलकुल, करंज्या, रव्या-नारळाचा केक, पेरूचे चीज, फुगे अशा पदार्थांनी डबे भरू लागतात. फुगे सोडले तर यातील बहुतेक पदार्थांचा पाया साखर हाच आहे. मात्र अलीकडे घरोघरी एखाद्या तरी ज्येष्ठाला मधुमेह असतो, कुणाला वजन कमी करायचे असते आणि मग साखरेच्या जागी मध वापरण्याचा विचार पुढे येतो. मध नैसर्गिक आहे, औषधी आहे, तेव्हा तो कितीही चालेल, अशी त्यामागची समजूत असते. दिवाळीच्या फराळाबाबतही हाच विचार शहरातील अनेक घरांत होताना दिसतो.

मध हा उत्तम पदार्थ आहे, यात शंका नाही. परंतु मध म्हणजे पातळ साखर नव्हे आणि पथ्याची साखर तर नव्हेच. त्याचे गुणधर्म समजून घेतले तर काही पदार्थ साखरेपेक्षा मधाने अधिक चांगले होतात. न समजता वापरला तर पदार्थही बिघडतो आणि पथ्यही मोडते.

मधात असते काय?

मधात साधारण १७ ते २० टक्के पाणी असते. उरलेला जवळजवळ सर्व भाग साखरेचाच असतो. फरक इतकाच की, आपली नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज, तर मधात प्रामुख्याने फ्रुक्टोज (सुमारे ३८ टक्के) आणि ग्लुकोज (सुमारे ३१ टक्के) या दोन सुट्या शर्करा असतात. फुलातील मकरंदात असलेल्या सुक्रोजचे मधमाशी आपल्या विकरांच्या साहाय्याने विघटन करते, पंखांनी वारा घालून त्यातील पाणी कमी करते आणि मग मेणाच्या झाकणाने पोळ्यातील घर बंद करते. याशिवाय मधात थोडी आम्ले, विकरे, खनिजे आणि सुगंधी द्रव्ये असतात. त्यांचे प्रमाण अत्यल्प असले तरी मधाची चव आणि वास त्यांच्यामुळेच ठरतात.

आता हिशेब पाहू. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ३८७ कॅलरी असतात, तर तेवढ्याच मधात सुमारे ३०४. यावरून मध हलका वाटतो. पण स्वयंपाकघरात आपण वजनाने नव्हे, चमच्याने मोजतो. चहाच्या चमच्यात साखर सुमारे चार ग्रॅम मावते, तर मध सात ग्रॅम, कारण मध पाण्याच्या जवळपास दीडपट जड असतो. म्हणजे एक चमचा साखरेत सुमारे १६ आणि एक चमचा मधात सुमारे २१ कॅलरी येतात. चमच्यास चमचा असा बदल केला तर कॅलरी कमी होण्याऐवजी वाढतात.

केकच्या पाककृतींत एक कप साखरेऐवजी पाऊण कप मध घ्यावा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. २४० मिलिलिटरच्या कपात साखर सुमारे २०० ग्रॅम, तर पाऊण कपात मध सुमारे २५५ ग्रॅम बसतो. गुणाकार केला तर दोन्हीकडे उत्तर सुमारे ७७५ कॅलरी असेच येते. तात्पर्य, या बदलाने चव बदलते, कॅलरी नाहीत. त्या कमी करायच्या असतील तर मधाचे प्रमाण अर्ध्या कपावर आणावे लागते. मधाला स्वतःची चव असल्यामुळे अनेक पदार्थांत ते शक्य होते आणि मधाचा खरा उपयोग तोच आहे.

जांभळाचा मध आणि मधुमेह

बाजारात जांभळाच्या मधाला विशेष मागणी असते. जांभळाच्या बियांचे चूर्ण मधुमेहावर घेण्याची आपल्याकडे परंपरा आहे. त्यावरून जांभळाचा मधही मधुमेह्यांना चालतो, असा अर्थ काढला जातो. तो बरोबर नाही. हा मध जांभळाच्या फुलोऱ्यातील मकरंदापासून तयार होतो, बियांपासून नाही. त्यातही फ्रुक्टोज आणि ग्लुकोजच असतात. बहुतेक मधांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातील साखर किती वेगाने वाढते याचे मोजमाप, साखरेपेक्षा किंचित कमी असतो, पण हा फरक पथ्य ठरावे इतका मोठा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतही मधातील साखरेची गणना टेबलावरच्या साखरेबरोबरच केलेली आहे आणि ती दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांहून कमी, शक्य तर पाच टक्क्यांहून कमी ठेवावी, असे म्हटले आहे. पाच टक्के म्हणजे प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला सुमारे २५ ग्रॅम. तेव्हा घरातील मधुमेही आजोबांना 'मधाचा आहे, खा' असे म्हणून केकचा दुसरा तुकडा वाढणे त्यांच्या प्रकृतीशी खेळण्यासारखे आहे.

फूल बदलते, चव बदलते

मधाची जात मुख्यतः फुलावरून ठरते. महाराष्ट्रात मधाचे नाव निघताच महाबळेश्वर आठवते. तेथील मध संचालनालय आणि मधपाळांच्या सहकारी संस्थेमुळे सह्याद्रीतील सातेरी माशांचा, पेट्यांतून काढलेला मध शहरांपर्यंत पोहोचला. याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. या परिसरात जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी अशा निरनिराळ्या फुलोऱ्यांचा मध मिळतो. आग्या माशी मात्र पेटीत राहत नाही. तिचा मध कडेकपारीतील व उंच झाडांवरील पोळ्यांतून काढतात आणि तो अनेक फुलांचा मिश्र असतो.

कारवीची गोष्ट वेगळीच आहे. ही झुडपे सात-आठ वर्षांतून एकदाच एकगठ्ठा फुलतात. मिरा-भाईंदरच्या पूर्वेला असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कारवी २०१६ मध्ये आणि त्यानंतर २०२४ मध्ये फुलली होती. कारवीचा मध दाट, गडद आणि दुर्मीळ. असा मध केकच्या पिठात घालून भट्टीत तापवणे म्हणजे त्याची नासाडीच होय. तो नुसताच खावा, किंवा फार तर ताज्या पोळीबरोबर.

स्वयंपाकासाठी मध निवडताना रंग हा सोपा मार्गदर्शक आहे. फिका मध सौम्य, गडद मध तीव्र, असे सर्वसाधारणपणे म्हणता येते. बिहारमधील लिचीच्या बागांतून येणारा मध फिका आणि सुगंधी असतो. श्रीखंड, फळांचे सॅलड, कोकम किंवा लिंबाचे सरबत यांत तो मूळ पदार्थाची चव झाकत नाही. जांभळाचा मध गडद आणि किंचित तुरट-कडवट असतो. खजूर, अक्रोड, सुंठ, दालचिनी, लवंग असे उग्र चवीचे जिन्नस असलेल्या नाताळच्या केकला तो शोभतो. ओव्याच्या फुलांचा आणि निलगिरीचा मधही असाच ठसठशीत चवीचा असतो. भाजलेल्या मांसावर किंवा कोंबडीवर लावण्यासाठी तो उत्तम, मात्र तो भाजण्याच्या अखेरच्या दहा मिनिटांतच लावावा, अन्यथा करपतो. मोहरीचा आणि सूर्यफुलाचा मध लवकर थिजतो आणि लोण्यासारखा होतो. तो पावावर लावायला सोयीचा.

केक करताना

केकमध्ये साखर केवळ गोडीसाठी नसते. लोणी आणि साखर फेसताना साखरेच्या कणांमुळे लोण्यात हवा शिरते आणि केक हलका होतो. मधात कण नसल्यामुळे हे काम होत नाही. म्हणून प्रथमच करून पाहणाऱ्यांनी पाककृतीतील निम्मीच साखर काढून तिच्या जागी मध घालावा. एक कप साखरेची कृती असेल तर अर्धा कप साखर ठेवावी आणि उरलेल्या अर्ध्या कपाच्या जागी सहा मोठे चमचे मध घ्यावा. पुढील तीन गोष्टीही लक्षात ठेवाव्यात.

पहिली, पाऊण कप मधात सुमारे तीन मोठे चमचे पाणी असतेच. तेवढे दूध किंवा पाणी कृतीतून कमी करावे. मध कमी घातला तर त्या प्रमाणात कपातही कमी करावी. दुसरी, मध आम्लधर्मी असतो. कृतीत दही किंवा ताक नसेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा अधिक घालावा. तिसरी, मधातील शर्करा लवकर तांबूस होतात. भट्टीचे तापमान नेहमीपेक्षा सुमारे १५ अंश सेल्सियसने कमी ठेवावे, नाहीतर वरून काळा आणि आतून कच्चा केक हाती येतो. या बदल्यात मिळणारा फायदाही मोठा आहे. मध हवेतील ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे असा केक अधिक दिवस मऊ राहतो.

याच गुणामुळे काही पदार्थ मात्र बिघडतात. नानकटाई किंवा बिस्किटे मधाने मऊ पडतात. कुलकुलच्या पिठात मध घातला तर ते तेलात पडताच लाल होतात. पीठ बिनगोडाचे ठेवून तळलेल्या कुलकुलांवर खाताना थोडा मध सोडावा, हे बरे. मधाचा एकतारी-दोनतारी पाक साखरेच्या पाकासारखा परत घट्ट होऊन बसत नाही. त्यामुळे पाकातले लाडू, वड्या, चिक्की यांसाठी मध उपयोगी नाही. पेरूचे चीज आणि आंब्याचा मुरंबा यांत साखर पदार्थ घट्ट करते आणि टिकवतेही. तेथे सर्व साखर काढून मध घातला तर फळातील पाण्याने मध पातळ होऊन आंबण्याचा धोका असतो. श्रीखंडात मध घालायचा असेल तर चक्का नेहमीपेक्षा अधिक वेळ टांगून घट्ट करावा.

तापवावा की नाही?

आयुर्वेदाने तापवलेला मध निषिद्ध मानला आहे. सुश्रुत संहितेत मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत, यावरून या विषयाकडे किती बारकाईने पाहिले गेले हे लक्षात येते. आपल्या परंपरेतील मधाचा वापरही याला धरूनच आहे. पंचामृत, मधुपर्क, औषधाचे चाटण यांपैकी कशातही मध चुलीवर चढत नाही. आधुनिक रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहता, उष्णतेने मधातील विकरे नष्ट होतात, सुगंध उडतो आणि हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युरल नावाचे द्रव्य वाढते. घरगुती केकमधील त्याचे प्रमाण विषारी ठरते, असे आढळलेले नाही. भाजलेली कॉफी, पाव यांतही ते असतेच. परंतु ज्या चवीसाठी आपण महागडा मध आणतो, तीच जर उडून जाणार असेल, तर तापवण्यात अर्थ काय, हा प्रश्न उरतोच. तेव्हा भट्टीसाठी साधा मिश्र मध वापरावा आणि विशिष्ट फुलाचा मध पदार्थ कोमट झाल्यावर वरून घालावा. खिरीतही दूध निवल्यावरच मध घालावा. उकळत्या दुधात मधातील आम्लाने दूध फाटण्याची शक्यता असते.

तान्ह्या बाळांना मध नको

या विषयातील सर्वांत महत्त्वाची सूचना मात्र स्वयंपाकाची नाही. एक वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही स्वरूपात देऊ नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांची पचनसंस्था त्यांना वाढू देत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष निर्माण करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. श्वास बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. हे बीजाणू घरगुती उकळण्याने किंवा भाजण्याने मरत नाहीत. नवजात बाळाला मध चाटवण्याची आणि गुटी मधात उगाळून देण्याची चाल अनेक घरांत आजही आहे. घरातील वडीलधाऱ्यांचा मान राखूनही ती थांबवणेच हिताचे आहे.

विकत घेताना

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ ब्रँडच्या मधाच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांपैकी केवळ तीनच ब्रँड सर्व चाचण्यांत उतरले. भेसळीसाठी वापरले जाणारे शर्करेचे पाक नेहमीच्या चाचण्यांत सापडू नयेत अशा रीतीने बनवले जातात, हे त्या वेळी उघड झाले. पाण्यात थेंब टाकून पाहणे, काडी बुडवून पेटवणे, कुत्रा चाटतो का ते पाहणे, या घरगुती परीक्षांनी अशी भेसळ ओळखता येत नाही. उत्पादक, फुलोरा, काढणीचा हंगाम यांची माहिती लेबलवर असलेला, शक्यतो मधपाळांच्या संस्थेकडून किंवा खादी ग्रामोद्योगाच्या दुकानातून मध घेणे, हा त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग आहे.

थिजलेला मध भेसळीचा असतो, हाही एक गैरसमज. ग्लुकोजचे प्रमाण अधिक असलेला शुद्ध मध थंडीत थिजणारच. बाटली कोमट पाण्यात काही वेळ ठेवली की तो पूर्ववत होतो. बाटलीत ओला चमचा घालू नये आणि ती फ्रिजमध्ये ठेवू नये, एवढी काळजी पुरेशी आहे.

सणाच्या दिवशी गोड हवेच. ते साखरेचे असावे की मधाचे, हे पदार्थ पाहून ठरवावे आणि किती असावे, हे खाणाऱ्याची प्रकृती पाहून. मधाचा एक चमचा चवीने खाल्ला तर तो पुरतो. साखर टाळल्याच्या समाधानात तीन चमचे खाल्ले तर हिशेब साखरेचाच होतो.