जाडी ठरते जमिनीखाली

वाशीमकडच्या काळ्या मातीत घरामागे बांबू लावला की पहिल्या पावसाळ्यात कोंब येतात ते पेन्सिलीएवढे. मंडळी रोपाला नावं ठेवतात आणि हेच कोंब पुढं पोसतील म्हणून वाट बघतात. ते कधीच पोसत नाहीत.

बांबू हे गवत, ज्वारीचं चुलत भावंड. सागाच्या सालीखाली दरवर्षी लाकडाचा नवा थर चढवणाऱ्या पेशी असतात. बांबूला त्या नाहीत. कोंब ज्या जाडीनं मातीबाहेर येतो, तीच त्याची जन्माची जाडी. सगळी कांडी कोंबात आधीच दाटून बसलेली असतात. दोन-तीन महिन्यांत ती रेडिओच्या एरियलसारखी लांबतात. वाढ होते प्रत्येक कांड्याच्या बुडाशी. ज्वारीचा पोंगा उपसून त्याचं पांढरं कोवळं बूड चघळलेल्यांना हा प्रकार नवा नाही. पुढची तीन वर्षं काठी फक्त टणक होते.

जाडी येते कंदातून. काठ्यांच्या पानांनी केलेलं अन्न त्यात साठतं आणि दर पावसाळ्याला कोंब आदल्या वर्षीपेक्षा जाड फुटतात. पुरी जाडी यायला पाच-सात वर्षं लागतात. सुरुवातीच्या किरकोळ काठ्या छाटणारा पुढच्या जाड काठ्यांचंच अन्न तोडतो.

कोंब फुटतात ऐन पावसाळ्यात, आणि आपली खोल काळी माती तेव्हाच चिबडते. कंद वरच्या हात-दीड हात मातीतच पसरतो; हवा कोंडली की कोंब कुजतो. म्हणून लागवड उंचवट्यावर करावी. गळलेली पानं जाळू नयेत, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीवर तेच पांघरूण.

जात कोणती? कोरड्या विदर्भात मुळातच वाढणारी मानवेल. कटांग दांडगा, पण काटेरी, अंगणात नकोच. दोन्ही बेटानं वाढतात, चीनच्या मोसो बांबूसारखे जमिनीखालून दूर धावत नाहीत. तरी बेट रुंदावतं, कुंपणाच्या भिंतीपासून दहा-बारा फूट सोडावेत. तिरडीचा बांबू दारात नको म्हणणाऱ्या घरातही पाडव्याला गुढीची काठी बांबूचीच लागते, एवढं ऐकवावं. तोडीच्या परवान्याचीही धास्ती नको: वनेतर जमिनीवरचा बांबू २०१७ पासून कायद्याच्या लेखी ‘झाड’ राहिलेला नाही.

तोड दिवाळीनंतर, तीन वर्षांवरच्या काठ्यांचीच. वय ओळखायला सोपा उपाय: दरवर्षी नव्या काठ्यांना वेगळ्या रंगाचा पट्टा मारायचा. कोयता सगळ्यात जुन्या रंगाला.